अखेर कॉन्टेसा दारात आली! आता तिच्यात किती बदल करू?

विजयदुर्गी
मंडळी, गाडी आली एकदाची! कॉन्टेसा क्लासिक, १.८ इसुझू पेट्रोल इंजिन, पाच गिअर. कॉलेजात असल्यापासून मला हीच गाडी हवी होती. दर हंगामात आंब्याचे पैसे हातात यायचे आणि कधी बागेचं कुंपण, कधी विहिरीचं काम, कधी मुलीची फी आधी उभी राहायची. यंदा घरच्यांनीच म्हटलं, आता घेऊनच टाक. गाडी कोल्हापूरकडची आहे. करूळ घाट उतरून, वैभववाडी-तळेरे करत देवगडपर्यंत मी स्वतः चालवत आणली. तळेऱ्याला चहाला थांबले तर गाडीभोवती ही गर्दी! इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

आता मुद्दा. ही गाडी मला झाकून ठेवायची नाही, तिचा हॉट रॉड करायचा आहे, म्हणजे जुनी गाडी घेऊन तिचं इंजिन आणि रूप आपल्या पसंतीने बदलायचं. डोक्यात चित्र असं: गर्द रंग, पुढचं नाक जरा खाली, मागे रुंद चाकं, बॉनेटवरून दारापर्यंत जाणाऱ्या ज्वाळा, आवाज भरदार, आतलं सगळं माझ्या पसंतीचं. काही लोक या गाडीत टोयोटाचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवतात, त्याचाही मोह होतोय. सगळं एकदम होणार नाही हे कळतं. पण सुरुवात कुठून करू, आणि थांबू कुठे? ज्यांनी जुन्या गाड्यांवर काम केलंय त्यांनी सांगा.

सडेकर
अभिनंदन ताई!! फोटो टाकल्याशिवाय पुढची चर्चा नाही.

मालवणी_मसालो
गे बाय, बरा केलंस! आमच्या गावात एकच कॉन्टेसा होती, डॉक्टरांची. ती इली काय सगळी पोरां रस्त्यार. ज्वाळा काढ नायतर काय पन काढ, पन माका एकदा बसवन फिरव.

उत्तरपाडा
अभिनंदन. पण तुमच्या बेताला माझा स्पष्ट विरोध आहे आणि तो मनापासून आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली कॉन्टेसा आणली. बॉडीचा मूळ साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. सुरुवातीला आत इंजिन होतं अँबेसेडरचंच, १४८९ सीसी, पन्नासेक अश्वशक्ती. एवढी मोठी गाडी आणि एवढंसं इंजिन, त्यामुळे घाटात पार दमायची. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला, तेव्हा कुठे तिला तिच्या अंगाला शोभेल अशी ताकद मिळाली. २००२ मध्ये उत्पादन थांबलं. तुमच्याकडे जी आहे ती या गाडीची सगळ्यात चांगली आवृत्ती आहे, ताई.

आता होतंय काय, की जो तो कॉन्टेसा घेतो आणि कापतो. मूळ ग्रिल, मूळ दिवे, मूळ डॅशबोर्ड भंगारात जातात. आणखी दहा वर्षांनी कंपनीतून बाहेर पडली तशी एखादी कॉन्टेसा मुलांना दाखवायची म्हटलं तर मिळणार नाही. रंग नीट करा, इंजिन नीट करा, पण ती आहे तशी राहू द्या.

विजयदुर्गी
उत्तरपाडा, तुमची कळकळ पोचली. पण माझ्या मनात जी कॉन्टेसा इतकी वर्षं होती ती कारखान्यातून बाहेर पडलेली नव्हती, रंगवलेली आणि गुरगुरणारी होती. वहीच्या मागच्या पानावर मी तिला ज्वाळा काढत बसायचे. ती गाडी मला हवी आहे. मात्र काढलेला एकही मूळ भाग भंगारात जाणार नाही, सगळं माळ्यावर नीट बांधून ठेवणार, हा शब्द.

सांताक्लारा_देवरुख
मी इकडे कॅलिफोर्नियात राहतो आणि दर हिवाळ्यात पोमोनाला भरणाऱ्या रोडस्टर प्रदर्शनाला जातो, त्यामुळे चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

हॉट रॉड म्हटलं की लोकांना आधी ज्वाळा आणि क्रोम दिसतं. त्याची सुरुवात मात्र वेगासाठी झाली. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या स्वस्त फोर्ड गाड्या घ्यायची आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर पळवायची. वजन कमी व्हावं म्हणून मडगार्ड काढायचे, वारा कमी लागावा म्हणून छप्पर कापून खाली आणायचं. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून एससीटीए ही शर्यतींना शिस्त लावणारी संघटना काढली, कारण धुळीत एकाच वेळी अनेक गाड्या पळायच्या आणि माणसं मरायची. १९३२ च्या फोर्डमध्ये व्ही-८ इंजिन आलं, पहिलं असं की जे सामान्य माणसाला परवडत होतं. मूळची ताकद ६५ अश्वशक्ती. ते इंजिन पोरांनी अशा काही तऱ्हांनी खुलवलं की आजही ३२ ची फोर्ड म्हणजे हॉट रॉडवाल्यांचं दैवत आहे. महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या हातात यंत्रांचं शिक्षण होतं, थोडे पैसे होते, आणि मग हे वेड देशभर पसरलं. १९४८ च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसनने 'हॉट रॉड' मासिक सुरू केलं आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए ही हॉट रॉडवाल्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन करून रस्त्यावरच्या शर्यती धावपट्टीवर नेल्या.

सांगायचं इतकंच की त्या पोरांनी जो बदल केला त्याला कारण होतं. तुमच्या गाडीला देवगडच्या रस्त्यावर, देवगडच्या पावसात, तुमच्या हातात काय लागणार आहे, तिथून सुरुवात करा. तिकडे जी गाडी शोभेल ती इथल्या गाडीची नक्कल असायची गरज नाही.

सडेकर
सांताक्लारा, एक नंबर लिहिलंत. आमच्या सड्यावरसुद्धा मैलभर सपाट कातळ आहे हो, पण मध्येच गुरं बसलेली असतात.

उद्यमनगर
माझं कोल्हापुरात लेथचं काम आहे, इंजिन बोरिंग (सिलिंडर आतून कापून सारखे करणं) आणि हेड फेसिंग (इंजिनाच्या वरच्या झाकणाचा तळ सपाट करणं) रोजचं. ताई, रंग आणि ज्वाळा सध्या विसरा. आधी गाडी वर घ्या आणि खालून बघा.

सांताक्लारांनी सांगितलेल्या जुन्या फोर्डला खाली वेगळी चॅसी असायची. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी गाडी उभी राहायची, म्हणून वाटेल तशी कापता आली. कॉन्टेसाला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालचे बॉक्स, म्हणजे ज्यावर पाय ठेवून आपण आत बसतो ते, आतून सडले असतील तर गाडी मधून वाकते. दारं नीट लागेनाशी होतात ती याच कारणाने. त्यात तुम्ही दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलंत तर पहिल्याच घाटात सांधे उसवतील.

तपासायचं कसं: एक लहान लोहचुंबक घ्या, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून पातळ फडक्यात गुंडाळा आणि दाराखालून, चाकांच्या कमानीवरून हळूहळू फिरवा. पत्रा आहे तिथे तो ओढला जातो. मध्येच सैल होऊन घसरला तर तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. त्या जागी खडूने गोल करा. मग गाडी जॅकवर घेऊन पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद्द वाजतो. हे झाल्याशिवाय एक रुपया रंगावर घालू नका.

त्यानंतर ब्रेक, मग रेडिएटर. रेडिएटर खोलून रॉडिंग, म्हणजे नळ्या सळीने साफ करून घ्या, फारच बुजल्या असतील तर नवी कोअर, म्हणजे नळ्यांची आतली जाळी, टाका. घाटात तापलेलं इंजिन थंड करायला थांबणं आणि हेड गॅसकेट (इंजिन आणि हेडमधली सील) उडणं, यात फक्त दोन वळणांचं अंतर असतं.

विजयदुर्गी
उद्यमनगर, तुमचं वाचून तशीच उठले आणि चुंबक फिरवला. डावीकडे ड्रायव्हरशेजारच्या दाराखाली हातभर जागेत चुंबक घसरतोय. उजवीकडे टणक. मागच्या दोन्ही कमानींत थोडं थोडं. खडूचे गोल काढून ठेवलेत, फोटो टाकते.

मिरकरवाडा
ताई, आमच्या बोटींना फायबरचं काम करणारी पोरं आहेत. सडलेल्या जागी मॅट आणि रेझिन लावलं की दगड. आणि दुसरं, ट्रॉलरच्या तळाला आम्ही जस्ताच्या पट्ट्या लावतो, गंज त्या पट्ट्या खातात आणि लोखंड वाचतं. गाडीला खालून चार पट्ट्या लावून टाका, खारा वारा काय करतो बघू.

उद्यमनगर
मिरकरवाडा, बोटीतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण गाडीला या दोन्ही गोष्टी चालणार नाहीत. जस्ताची पट्टी काम करते कारण ती आणि बोटीचं लोखंड दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेली असतात, त्या पाण्यातून दोघांमध्ये प्रवाह वाहतो. गाडी हवेत उभी. पट्टीपासून हातभर लांबच्या पत्र्याला तिचा काही उपयोग नाही. आणि सडलेल्या पत्र्यावर फायबर मारणं म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला रंग देणं. आत गंज चालूच राहतो आणि सांगाड्याला जोर काहीच मिळत नाही. सडलेलं कापायचं, नवा पत्रा वेल्डिंगने बसवायचा, इपॉक्सी प्रायमर मारायचा, आणि सगळं झाल्यावर बॉक्सच्या पोकळीत आतून मेण फवारायचं. मेण शेवटी, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने ते जळतं.

मिरकरवाडा
पटलं. मग एवढं तरी करा, दारांच्या आणि बॉक्सच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवा. बोट काय, गाडी काय, साचलेलं पाणी वाईट. आणि समुद्राकाठच्या रस्त्याने फिरून आलात की खालून गोड्या पाण्याने धुवा.

सांताक्लारा_देवरुख
अगदी. इकडे बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १९४९ पासून वेगाचे विक्रम करायला लोक जातात, आणि परत आल्यावर पहिलं काम गाडी पार सांध्यासांध्यातून धुण्याचं.

नोटरी_कणकवली
सगळे पत्र्यात गुंतलेत, म्हणून कायद्याचं मी सांगतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकात जे लिहिलंय आणि उत्पादकाने जे ठरवलंय त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्याच दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टोयोटाचं इंजिन हा सरळसरळ त्यातला प्रकार. त्याच बनावटीचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बदलता येतं. रंग बदलता येतो, पण आरसीवर नोंद करून घ्यायची. सायलेन्सर काढून आवाज वाढवलात तर नांदगाव तिठ्यापर्यंतही पोचणार नाही.

विम्याचाही विचार करा. इंजिन बदललेलं आहे हे अपघातानंतर उघड झालं तर दावा अडकतो, आणि त्यात समोरचा माणूस जखमी असेल तर तुमचं घरदार पणाला लागतं.

सडेकर
विंटेज म्हणून नोंदवली तर सूट मिळते ना?

नोटरी_कणकवली
नाही. २०२१ च्या नियमांत विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक, आणि रोजच्या वापराला बंदी. १९८४ ची पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ च्या आधी त्यात बसत नाही. ताईंची गाडी साध्या नियमात, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण.

उत्तरपाडा
पाहा! कायदाही माझ्याच बाजूने बोलतोय.

विजयदुर्गी
कायदा इंजिनाच्या बाजूने बोलतोय, ज्वाळांच्या विरुद्ध काही म्हणालेला नाही :)

मालवणी_मसालो
ता सगळा रवांदे. गणपती हाडूक ही गाडी न्हेतलंस तर मूर्ती खय बसतली? फुडच्या सीटवर काय पाटच्या?

सडेकर
मागच्या सीटवर, बाजूला दोघं धरायला. पुढे ठेवली तर गिअर टाकताना हात लागतो. आमच्याकडे फियाट होती तेव्हा गिअर स्टिअरिंगला असायचा, म्हणून मूर्ती पुढे मांडीवर घेऊन यायचो. ते सुख फियाटचंच.

वाडेतर
विषयांतर चाललंच आहे तर, डिकीत आंब्याच्या पेट्या किती बसतील? वाशीला हापूस कॉन्टेसातून गेला पाहिजे एकदा.

विजयदुर्गी
हंगामात भरून बघते आणि सांगते. गणपती मात्र हिच्यातूनच येणार, मागच्या सीटवर. ठरलं.

उद्यमनगर
पेट्रोलचा विषय कुणी काढला नाही. आता सगळीकडे ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. कॉन्टेसाच्या काळातल्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅसकेट त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉलने त्या फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल टपकणं म्हणजे काय ते सांगायला नको. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. शिवाय इथेनॉल हवेतला दमटपणा ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट खाली बसतं आणि टाकी आतून गंजते. तुमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्या चार महिन्यांत गाडी नुसती उभी ठेवू नका, उघडीप मिळाली की फिरवा. ठेवायचीच वेळ आली तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा नको.

चितार_आळी
सावंतवाडीहून. गाडीच्या आतलं कुणी बोललंच नाही, तर माझा एक प्रस्ताव. गिअरची मूठ आमच्याकडच्या लाखकामाची करून घ्या. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरली की घर्षणाच्या उष्णतेने रंग चढत जातो, मग केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणतात. लाल, पिवळा, काळा असे पट्टे घेतलेत तर ज्वाळांशी जुळेल.

सांताक्लारा_देवरुख
वा! हे मला फार आवडलं. पण मे महिन्यात बंद गाडीत लाख मऊ होणार नाही का? आमच्याकडे उन्हात ठेवलेल्या गाडीत हात लावता येत नाही कशाला.

चितार_आळी
बरोबर शंका आहे. म्हणून थर पातळ ठेवायचा आणि गाडी सावलीत लावायची. किंवा मूठ फणसाच्या लाकडाची करून नुसतं तेलपाणी द्यायचं. फणस आधी पिवळाधमक असतो, हाताळून हाताळून तपकिरी होत जातो.

विजयदुर्गी
सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये लिहायला जमलं नाही कारण गाडी गॅरेजात होती. आतापर्यंतचं सांगते.

इंजिन इसुझूचंच राहणार. नोटरींचं वाचल्यावर मोह संपला, आणि उद्यमनगरांच्या हातून बोरिंग आणि हेड होऊन आल्यावर ते इतकं सुरेख ओढतंय की दुसऱ्या इंजिनाची आठवणही येत नाही. डावा बॉक्स कापून नवा बसवला, मागच्या कमानींचे तुकडे बदलले. रेडिएटरला नवी कोअर, ब्रेकच्या नळ्या आणि मास्टर सिलिंडर नवे, पेट्रोलच्या नळ्या सगळ्या बदलल्या. चाकं रुंद घेतली पण बॉडीच्या आत राहतील एवढीच. नाक खाली घेण्याचा बेत रद्द केला. आमच्या बागेकडे जाणाऱ्या जांभ्याच्या रस्त्यावर ती पोट घासत गेली असती.

रंग करवंदी, काळ्याकडे झुकणारा. अर्ज आधी दिला, आरसीवर नोंद झाली, मग रंग. आणि ज्वाळा! त्या कुठल्या स्टिकरवाल्याने नाही, बंदरात बोटींवर नावं रंगवणाऱ्या काकांनी काढल्यात. आधी सुतळीला खडू चोळून बॉनेटवर ताणली आणि मधोमध एक फटका मारला, दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून. मग खडूनेच आकार काढला, मागे जाऊन डोळा बारीक करून पाहिला, पुसला, पुन्हा काढला. ब्रश लांब केसांचा, रंगात बुडवून पत्र्याच्या तुकड्यावर निथळलेला. करंगळी बॉनेटवर टेकवली आणि एका दमात दारापर्यंत रेघ नेली. मध्ये श्वास घेतला नाही त्यांनी, मीही नाही. काठाची रेघ केशरी, पोटात हापूसचा पिवळा. मागच्या काचेखाली त्यांनी बोटीवर काढतात तसा एक छोटा मासा काढलाय, मी न सांगता. तो राहणार.

उत्तरपाडा, ग्रिल, दिवे, डॅशबोर्ड मूळचेच आहेत. ज्वाळा तुम्हाला आवडणार नाहीत हे माहीत आहे, पण गाडी एकदा बघायला या.

उत्तरपाडा
फोटो पाहिले. ज्वाळा नाहीच आवडल्या. मासा आवडला. आणि बॉक्सचं काम पाहून समाधान वाटलं, ती गाडी आता टिकेल. कोकणात येईन तेव्हा नक्की.

मालवणी_मसालो
आधी माजो नंबर!

विजयदुर्गी
या सगळे. एक अडचण राहिली आहे: पुढच्या काचेची रबरी बीडिंग कडक होऊन चिरली आहे, पहिल्या सरीत पाणी सरळ डॅशबोर्डमागे आलं. कोल्हापुरात मिळाली नाही. मुंबईत कुठे बघू?

वाडेतर
कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघतो, या शनिवारी जाणारच आहे. जुन्या बीडिंगचा वीतभर तुकडा कापून एसटीच्या पार्सलने पाठवा. कॉन्टेसाची नाही मिळाली तर तीच खाच असलेली दुसऱ्या गाडीची चालते, पण तुकडा हातात असल्याशिवाय घेऊ नका.

विजयदुर्गी
उद्या सकाळच्या गाडीने पाठवते. काच काढेन तेव्हा चौकटीचा गंजही साफ करून प्रायमर मारते, म्हणजे ते कामही उरकेल.